एका बोल्टला एकच रेघ

— नाही नाही, मालकांशीच बोलायचंय मला. बाहेर गेलेत का कुठं? — तुम्हीच? असं. पाटीवर नुसतं 'सायकल दुरुस्ती' लिहिलंय, त्यावरून माणसानं काय ओळखायचं. असू द्या. पाना बाईच्या हातात आहे की बुवाच्या, ते बोल्टला कळत नाही. काम चोख हवं, एवढंच. ही सायकल भिंतीला टेकवतो — स्टँड आहे तिला, पण स्टँडवर माझा भरवसा नाही. आणि हा डबा. दिसतो बिस्किटांचा, आत निखळलेला माल आहे. पेडलचा डावा दांडा, पेडलसकट, आणि त्याचा बोल्ट. तुम्ही क्रँक म्हणत असाल, आम्ही दांडाच म्हणतो. डबा उघडायची गरज नाही. जुना माल मी परत नेणार आहे, ते आधीच सांगून ठेवतो. मला नवा सेट हवाय — दोन्ही दांडे आणि पुढचा चक्का. आहे तसाच. चव्वेचाळीस दात्यांचा. तसाच्या तसा, त्यात शहाणपणा नको.

एकटा डावा दांडा का नाही बदलत? बरोबर विचारलंत. हा चक्का बघा. दाते बघा त्याचे — चेननं खाऊन खाऊन मांजरीच्या नखांसारखे झालेत, सगळे एका बाजूला वाकडे. याच्यावर नवा दांडा लावणं म्हणजे फाटक्या सदऱ्याला नवं बटण. बदलायचा तर सेट बदलायचा. आता सेट म्हटला की दुकानदार काय करतो? फळीवरून हाताला येईल तो काढतो आणि म्हणतो, बसतो हो काका, सगळ्याला बसतो. सगळ्याला बसणारी एकच गोष्ट या जगात, ती म्हणजे धूळ. आधी आतला एक्सल बघायचा. त्याचं टोक चौकोनी की पाचरीचं? हा चौकोनी. मग त्याची लांबी. लांबी चुकली की चक्का आत जातो आणि फ्रेमला घासतो, नाहीतर बाहेर येतो आणि चेन तिरकी पळते. मग चेन जाड की बारीक, त्याप्रमाणे दाते. मग दांड्याची लांबी, चालवणाऱ्याच्या पायाप्रमाणे. — माहीत आहे? असेल. बोलून घेतलं की मला बरं वाटतं. फिटर होतो मी, पंपाच्या कारखान्यात. शाळा म्हणाल तर चौथी, तीही मास्तरांच्या कृपेनं. पण अर्ध्या सुताचा फरक या अंगठ्याला कळतो. अजून कळतो.

चालवतं कोण? सून. सायकल मुलाची. मुलगा नाही आता. ताप आला, तो डोक्यात चढला. पुढं विचारू नका. — नाही, म्हणजे विचारलंत तरी चालेल, पण सांगण्यासारखं काही नाही त्यात. तो गेला, सायकल राहिली. ही तिच्यावरून कामाला जायला लागली. सीट मी खाली केली, हँडल मी जवळ आणलं, मागे नातीसाठी पाय ठेवायला पट्ट्या मीच ठोकल्या. आम्ही तिघंच आता. सून, नात आणि मी. नातीला मी खारूताई म्हणतो — पेन्सिल हातात दिली की कुरतडते. आईनं कडुलिंबाचा पाला चोळून ठेवला पेन्सिलीला, तर तीही खाल्ली, वर म्हणाली, आजोबा, आज चव वेगळी होती.

ही लाल रेघ ना? बघितलीत तुम्ही. सगळे विचारतात. हँडलच्या बोल्टवर, सीटच्या, दोन्ही चाकांच्या — बघा, सगळीकडे आहे. ती माझी खूण. बोल्ट आवळून झाला की बोल्टच्या डोक्यावरून खालच्या भागापर्यंत एक सरळ रेघ ओढायची. बोल्ट केसाएवढा जरी फिरला तरी रेघ मोडते, लांबून दिसते. कारखान्यात साहेब लोक यायचे, पाना लावून बघायचे. मी म्हणायचो, साहेब, पाना ठेवा, रेघ बघा. घरातही तेच. पलंग, शेगडी, नळ, पंखा, सगळ्यावर रेघ. सून नवी होती तेव्हा माझ्या मुलाला म्हणाली, तुमचे बाबा झोपले की त्यांच्याही कपाळावर ओढते एक, सकाळी बघू हलले का. हसलो नाही मी तिच्यासमोर. आत जाऊन हसलो. नखांना लावायचा रंग वापरतो, ऑइल पेंट टिकत नाही. बाटली तिचीच होती, नंतर ती लावेनाशी झाली, मग मी घेतली. आणि खारूताईला शिकवलंय — शाळेत अ-आ शिकायच्या आधी हे शिकली ती. आई सायकल काढते, ही उकिडवी बसते, सायकलभोवती एक फेरी मारते आणि ओरडते, रेघ सरळ! की आई निघते. रेघ सरळ म्हटल्याशिवाय आई पाय टाकत नाही पेडलवर. एका बोल्टला एकच रेघ, तुटली तर थांबायचं, जुळली तर निघायचं. आजोबांचा कायदा आहे तो.

— डबा राहू द्या म्हटलं ना मी. बरं, दांडा बघायचाय तर बघा. बघा, भोक बघा. चौकोन होता, आता वाटीसारखा गोल झालाय. आत लोखंडी एक्सल, बाहेर ॲल्युमिनियमचा दांडा. बोल्ट जरासा ढिला राहिला आणि वरून पाय पडत राहिला की लोखंड ॲल्युमिनियमला खातं. हळूहळू खातं. एकदा गोल झालं की मग कितीही आवळा, बसणार नाही. चढावर उभी राहून जोर दिला तिनं आणि दांडा पायासकट निघून आला. — ढिला कसा झाला? आता ढिला कसा होतो बोल्ट? होतो. रस्ते बघताय ना. खड्ड्यात रस्ता शोधावा लागतो. हादऱ्यानं होतो. पडली, हो. हनुवटीला टाके पडले. आणि खारूताईचं मनगट. मागे बसली होती ती. हात टेकला जमिनीवर. प्लॅस्टर आहे, झोळीत हात. लहान हाडं, जुळतील म्हणाले. आत्ता दवाखान्यात गेल्यात दोघी, या पलीकडच्या रस्त्याला, टाके दाखवायला. तिथून इथंच येणार आहेत. म्हणून म्हणतो, त्या यायच्या आत आपलं बोलणं झालेलं बरं.

कसलं बोलणं? बसतो जरा. या स्टुलावर बसलं तर चालेल ना — तेल आहे का याला? तेलाची भीती नाही मला, विचारलं आपलं.

असं आहे. सून तुम्हाला सांगून गेली असेल. आली होती ना काल? तिनं तुम्हाला लहान चक्का सांगितलाय. छत्तीसचा. का, तर चढाला पाय भरून येतात. बरोबर आहे तिचं, लहान चक्क्यानं चढ हलका होतो, हे मीच शिकवलंय तिला, त्यात काय मोठं. पण चढ चढायचा कशाला? आत्ता जिथं कामाला जाते तिथं सपाट रस्ता आहे. औषधांच्या बाटल्या खोक्यात भरायचं काम, सावलीतलं, जन्मभर पुरेल. तर हिला वरच्या वसतिगृहात काम मिळतंय. टेकडीवर आहे ना मुलींचं, तिथं. कपडे, भांडारघर, आजारी पोरींना बघणं, असलं काहीतरी. ते म्हणाले, थंडी संपेपर्यंत येऊन-जाऊन काम दाखवा, वेळेवर येता का बघतो, मग खोली देतो. खोली. दोघींना. आणि पोरीला तिथलीच शाळा. म्हणजे कळलं ना? येऊन-जाऊन जमलं, की येणं बंद. नुसतं जाणं.

मला काय. मला स्वयंपाक येतो. कपडे माझे मी धुतो, आधीपासून धुतो. मला कुणी हवंय असं नाही. मी तिच्या भल्याचं बोलतोय. तो चढ बघितलाय तुम्ही? वाळूचे ट्रक येतात वरून, ब्रेकचा वास येतो नाकाला. तिथं एकटी बाई, सकाळी, धुक्यात. आणि खोली म्हणजे काय हो? दोन पलंग आणि एक खिडकी. पलंगाचे बोल्ट कोण बघणार?

म्हणून तुम्ही एवढंच करा. ती आली की म्हणा, ताई, लहान चक्का या सायकलला बसत नाही. बस्स. एक वाक्य. एक्सल आखूड आहे म्हणा, चेन तिरकी होते म्हणा, काही म्हणा, तिला त्यातलं कळत नाही, माझ्याकडे बघेल, मी मान हलवीन. चव्वेचाळीसचा बसवा, मी आत्ता निम्मं काम करतो तुमचं. चव्वेचाळीसवर ती चढ काही चढणार नाही आता. टाक्यांनंतर तर नाहीच. — मी का नाही सांगत? मला जमत नाही. खरंच सांगतो. कामाच्या बाबतीत मी खोटं बोललेलो नाही कधी. साहेबानं सांगितलं होतं एकदा, गळका पंप पास कर म्हणून, नाही केला. घरी बसवलं त्यांनी मला, तरी नाही केला. बसत असेल त्याला बसत नाही म्हणायला लागलो की माझी जीभ लुळी पडते, आणि तिला लगेच कळतं. तुम्ही परक्या आहात, तुमचं चालून जाईल.

असं काय बघताय? — तुम्हाला सासरे नाहीत का, म्हणून विचारणार होतो मी. हा अंगावरचा शर्ट तुमच्या यजमानांचा दिसतो. गेले? — माहीत नव्हतं. आणि सासरची माणसं? — तिकडंच. तुम्ही इकडं. सोडून आलात. हं. म्हणजे चुकीच्या दुकानात आलो मी.

राहू द्या. नका बोलू. पण आधी माझं तरी ऐका — ते काय काढलंत? छत्तीसचा? मी काय सांगतोय आणि तुम्ही काय करताय? बसणारच नाही तो. — लावा, लावून बघा, माझं काय जातं. एक्सलची लांबी चव्वेचाळीसच्या मापाची आहे, लहान चक्का आत जाऊन फ्रेमला घासणार. घासणारच. — थांबा, उजेड येऊ द्या. हं. घासत नाहीये. अंगठा जातो मधून. बरं, घासत नाही, पण चेनची रेघ? मागून बघायची ती, एक डोळा मिटून. सरका जरा. — सरळ आहे. असते कधी कधी. पण चेन लांब पडणार, लोंबणार, खड्ड्यात उतरणार — हो, कड्या काढता येतात, ते मला सांगू नका, माझ्यादेखत काढताय तर काढा. कव्हर? कव्हर घासेल. — नाही घासत. लहान चक्क्याला कव्हर कशाला घासेल, मीपण काय बोलतोय. दांडे तरी बघा, लांब असतील, तिचा गुडघा छातीला लागेल. — आखूड आहेत. तिच्याच मापाचे. काल माप घेऊन ठेवलं होतंत तुम्ही तिच्या पायाचं.

फिरवा. पेडल फिरवा एकदा. — आवाज नाही. छान फिरतंय. मेलं, अगदी छान फिरतंय. कारखान्यात असं काही बसलं की आम्ही काही बोलायचो नाही, नुसते बाजूला व्हायचो, दुसऱ्यालाही बघता यावं म्हणून. आता हे बसत नाही असं मी कसं — म्हणून तर तुम्हाला म्हणत होतो मी. तुम्ही म्हणा. अजून वेळ आहे. काढा तो आणि मोठा लावा. बाई, मी कुणाला विनवण्या करणारा माणूस नाही. चेहरा बघा माझा. या चेहऱ्यानं आयुष्यात कधी कुणाकडं काही मागितलेलं नाही.

— तो बोल्ट कशाला घेतलात? डावीकडचा जुना बोल्ट आहे तो, भंगार. नव्या सेटला नवे बोल्ट येतात. रॉकेल कशाला? अहो त्याला पुसायचं काय, तो जाणार आहे भंगारात, तो काय देव्हाऱ्यात ठेवायचाय? द्या इकडं. ग्रीस आहे त्याला, हो, माझ्या हाताचं लागलं असेल, दांडा गोळा केला ना मी रस्त्यावरून. नाही, मी नाही, तिनं गोळा केला. पोरीच्या रुमालात बांधून आणला. असो. पुसलंत? झालं समाधान?

— रेघच आहे ती. प्रत्येक बोल्टला आहे, सांगितलं ना मघाशी.

— दुसरी? कुठं दुसरी? चष्मा नाहीये माझ्याकडं. — ती जुनी असेल. फिक्की आहे ना? मुलाच्या वेळची. त्यानं कधीतरी बोल्ट काढला असेल, पुन्हा लावला असेल, मी पुन्हा रेघ ओढली असेन. — दुसरी ताजी? कशावरून? रंग आहे, रंगाला काय ताजा आणि शिळा, तो काय — हो. ताजा असला की नखानं निघतो. खरं आहे. निघाला.

ते माझं कामच आहे. बोल्ट बघणं. बघितला असेन मी मागच्या आठवड्यात. आवळला असेन. — आवळला तर दुसरी रेघ पहिलीच्या मागं यायला हवी, पुढं कशी आली? तुम्हाला लोक म्हणतात का हो, की तुम्ही फार कमी बोलता? कमी बोलणारी माणसं वाईट. माझी बायको असली होती. गप्प बसायची आणि माणसाकडून सगळं काढून घ्यायची.

पाव फेरा. फक्त पाव. पाव फेऱ्यानं कुणी पडत नाही, माझ्याकडून ऐका. करकर वाजतं. पेडल मारलं की करकर, करकर. मला वाटलं, दोन-तीन दिवस वाजेल, ती म्हणेल, बाबा, बघा हो जरा, चढावर आवाज येतो. मी बघीन आणि म्हणीन, एक्सल गेला पोरी, हा आता मिळत नाही, चढावर नेऊ नकोस, सपाटीला चालेल. एवढंच होतं. वाईट काय होतं त्यात? आणि ती बोलली नाही! करकर वाजत असणार, तिनं सांगितलं नाही मला. म्हातारा पुन्हा हात काळे करत बसेल म्हणून. ती तशी आहे. आणि त्या दिवशी तिनं पोरीला नेलं. शाळा दाखवायला. मागे पोरगी बसणार हे कुणाला माहीत होतं? मला सांगितलं कुणी? मी मोरीत होतो, नळ चालू होता. बाहेर आलो तर दार उघडं.

— काय म्हणालो मी? काही नाही. म्हातारा माणूस, बोलतो काहीबाही. औषध चालू आहे मला.

रेघ का ओढली? — हात गेला. मी नाही, हात गेला. जन्मभर पाना खाली ठेवला की बाटली उचलायची. पाना ठेवला, बाटली उघडली, रेघ ओढून झाली, मग कळलं मला की आपण ढिल्या बोल्टला रेघ ओढली. — पुसायची होती. हो, पुसायची होती. पुसायला चिंधी शोधत होतो. — जुनीवर ग्रीस कुणी लावलं? हात ग्रीसचे होते म्हटलं ना. हात ग्रीसचेच असतात माझे. खारूताई तर म्हणते — नाही. ते जाऊ द्या.

बघितली ना खारूताईनं त्या दिवशी सकाळी. उकिडवी बसली. एक फेरी मारली. ओरडली, आई, रेघ सरळ! असं गाणं म्हटल्यासारखं ओरडते. आणि आई हसली. स्टँड वाजलं. ती म्हणाली, पट्टीवर पाय ठेव नीट. हाक मारली असती तर ऐकू गेली असती, दारापासून कोपरा काही लांब नाही —

नळ चालू होता. आता मला विचारा, नळ चालू होता तर रेघ सरळ कसं ऐकू आलं. विचारा. बाई, तुम्ही सायकलवाल्या आहात का वकील? नळ बंद केला होता मी. झालं? बंद केला होता. उभा होतो तिथं, हात ओले. एक हाक. काय हाक मारायची होती मी? थांब, रेघ खोटी आहे? हे ओरडायचं होतं मी रस्त्यावर, माझ्याच तोंडानं, माझ्याच नातीला? वाटलं, सांभाळून जाईल. वाटलं, करकर वाजली की परत फिरेल. माणसाला काय काय वाटत असतं, हात वाळेपर्यंत.

पडल्यावर तरी थांबेल म्हटलं. तर दवाखान्यातून आली, पोरीला निजवलं, आणि मला काय म्हणते, हनुवटीला पट्टी, नीट बोलता येत नाही — म्हणते, बाबा, तुमची रेघ होती म्हणून मी निर्धास्त होते. नशीबच वाईट, तुमचा दोष नाही, मनाला लावून घेऊ नका. मग म्हणते, आता बदलतोच आहोत तर लहान चक्का बसवून आणाल का? तुम्ही बघून घ्या, मला काय कळतंय. — मी बघून घ्यायचं. मी.

बरं. ऐका माझं आता. सौदा करू आपण. मी सौदा करणारा माणूस नाही, पण करू. लहान चक्का राहू दे. बसतोय, बसू दे. मी स्वतः सांगतो तिला, बसला म्हणून. जाऊ देत दोघी वर. खोली मिळू दे. पलंगाचे बोल्ट तिथला कोणीतरी बघेल. मी एक शब्द काढणार नाही, थंडी संपेपर्यंत सकाळी उठून सायकल मी पुसून ठेवीन. फक्त तो बोल्ट मला द्या. जुना माल गिऱ्हाइकाचा असतो, कुठल्याही दुकानात असतो. द्या. — मग खिशात तरी टाका तुमच्या. नाहीतर त्या रॉकेलच्या घमेल्यात टाका, बुडू दे. फळीवर नका ठेवू. उजेडात नका ठेवू तो.

तिनं मला सोडून जावं, चालेल. पण हे कळून नको. कळलं ना तुम्हाला? जाणं वेगळं आणि हे कळून जाणं वेगळं. तुम्ही तुमच्या माणसांना सोडून आलात, तुम्हाला माहीत असेल. कळून आलात का तुम्ही? — कळून आलात. हं.

आल्या. त्या बघा, कोपऱ्यावर. झोळी दिसते पोरीची. बाई, बोल्ट. अहो, हात जोडतो — बघा, हेही केलं, हेही बघितलंत तुम्ही.

ये, सूनबाई. ये. टाके काढले? — उद्या? बरं. खारूताई, हात दुखतोय का ग? झोळीत असू दे, बाहेर काढू नकोस. हो, झाली सायकल. बसला. लहानच बसला. मी मागून बघितलं, एक डोळा मिटून, चेन अगदी सरळ आहे. चढ आरामात चढशील. बाईंचं काम चोख आहे. — मला काय झालंय? काही नाही. रॉकेलचा वास आहे इथं. — नाही, थांबायचं नाहीये, निघू. बाईंना दुसरी कामं आहेत. काय हो? आहेत ना? — खारूताई, फळीला हात लावू नको तिथं. काळे होतात हात. ते ठेव खाली. तुला नाही ते, जुनं आहे, ठेव. आईला काय दाखवतेस? अग ठेव म्हणतो ना मी —

काय?

हो. दोन आहेत.